तसबिरीखालचा नंबर

धसई, ता. मुरबाड
२३ फेब्रुवारी २०२५

ती. रत्नप्रभाताईस,
प्रशांतचा सविनय जयभीम. वि. वि.

आम्ही सगळे तब्येतीने बरे आहोत. एवढं वाचून आधी खाली बस, कारण पुढचं बरं नाही.

आपल्या निळीला पोलिसांनी साखळी घातली आहे. दादांची गाडी पत्र्याच्या शेडमध्ये होती तिथेच उभी आहे, पण पुढच्या चाकातून साखळी, साखळीला कुलूप आणि किल्ली पोलीस ठाण्यात. फोन केला नाही म्हणून रागावू नकोस. गेल्या आठवड्यात मी फोनवर बोललेलं संध्याकाळपर्यंत गावाच्या ग्रुपवर फिरत होतं. म्हणून कागद. श्वेता कॉलेजला जाताना मुरबाडच्या पोस्टात टाकेल.

झालं असं. श्वेताने जानेवारीत निळीचा फोटो मोबाइलवर टाकला, माझ्या आजोबांची १९६१ सालची गाडी म्हणून. तो बघून मुरबाडचा ज्ञानेश्वर आला. भातगिरणीवाल्या बारकूशेठचा नातू. आता लग्नाचा हॉल चालवतो. नवरा-नवरीला बसवायला जुनी गाडी शोधतोय म्हणाला. श्वेताने चहा केला. त्याने बोनेट उघडायला सांगितलं, मी उघडलं. आत बॉडी नंबरची पितळी पट्टी आहे ना, तिचा त्याला फोटो हवा होता. नंबर नीट यावा म्हणून मी स्वतः ती फडक्याने पुसून दिली.

आठ दिवसांनी तक्रार आली. बारकूशेठकडे अशीच गाडी होती आणि १९६८ मध्ये ती कल्याण स्टेशनाबाहेरून चोरीला गेली, असं त्यांच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. आजी सकुबाई अजून आहे, तीही तेच सांगते. गाडी घेतली तेव्हाचा कारखान्याचा कागद त्यांनी जपून ठेवला आहे. त्या कागदावरचा बॉडी नंबर आणि आपल्या पट्टीवरचा नंबर एकच आहे. मी ठाण्यात तो कागद आणि पट्टीचा फोटो शेजारी ठेवून तीनदा वाचले, ताई. एकच आहे.

मी आरसी बुक पुढे केलं, दादांच्या नावाचं, १९७१ चं. ठाण्यातले साहेब म्हणाले, यात चॅसी नंबर लिहिलाय, तो गाडीवर दाखवा. चॅसी म्हणजे खालचा सांगाडा, ज्याच्यावर बॉडी बसवतात. त्याचा नंबर पुढच्या बंपरमागे उजव्या पट्टीवर ठोकलेला असतो. आणि नेमका तिथेच दादांनी तसबिरीच्या स्टँडचा उजवा पाय वेल्ड केलेला आहे. त्रेपन्न जयंत्या बाबासाहेबांची तसबीर ज्या स्टँडवर निघाली, त्याच्या पायाखाली तो नंबर. साहेब माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, नंबर झाकायला जागा बरी शोधली तुमच्या वडिलांनी, तिथे हात लावणार कोण.

१० एप्रिलपर्यंत मुदत दिली आहे. गाडी दादांकडे कशी आली याचा अस्सल कागद आणायचा. नाही आणला तर चोरीचा माल बाळगला आणि नंबर लपवला, असा माझ्यावर गुन्हा. गुन्हा म्हणजे निलंबन. पंचायत समितीत बत्तीस वर्षं मान खाली घालून काम केलं, निवृत्तीला एक वर्ष राहिलंय.

मला तुला एकच विचारायचं आहे. गाडी कुठून आणली, हे दादांनी तुला काय सांगितलं होतं? आईला विचारलं तर ती ताट सारून उठून गेली.

तुझ्या मायेचं छत्र असंच राहू दे.

तुझा,
प्रशांत


खर्डी, ता. शहापूर
१ मार्च २०२५

चि. प्रशांतास,
ताईचे आशीर्वाद आणि कडक जयभीम.

तुझं पत्र आलं तेव्हा वालाच्या शेंगा सोलत होते. शेंगा तशाच राहिल्या. आधी त्या ज्ञानेश्वराचा राग आला, मग तुझ्या साहेबांचा, आणि खरं सांगू, सगळ्यात जास्त तुझा. नंबर स्वतः पुसून दाखवलास आणि साखळी घालताना बाजूला उभा राहिलास. लहानपणी पालीला घाबरून माझ्या पाठीमागे लपायचास. आता माझी पाठ खर्डीला आहे.

ऐक. आपल्या माणसाच्या अंगावर नवा सदरा दिसला की विचारायचे, कुणाचा रे? मनगटावर घड्याळ दिसलं की, कुणाचं रे? दादांनी गाडी आणली तेव्हा तर अख्ख्या बाजाराने विचारलं असेल. ज्याच्या घरात चार पिढ्या वस्तू आहेत त्याची आठवण हाच त्याचा पुरावा. त्याची आजी म्हणाली चोरीला गेली, म्हणजे गेली. आपली आई काही म्हणाली तर तो नुसता जबाब, त्याला आधार कार्ड जोडा, साक्षीदार जोडा. मी याच्याविरुद्ध आयुष्यभर बोलत आले आणि आता माझ्याच घराच्या शेडमध्ये साखळी आली. बरं झालं, एका अर्थी. आता निदान पाठ केलेलं बोलावं लागणार नाही.

दादांनी काय सांगितलं ते तुला ठाऊक नाही याचंच नवल वाटतं, कारण मी ते शंभर व्यासपीठांवरून सांगितलं आहे. मी आठ वर्षांची होते, निळी पहिल्यांदा ओट्यासमोर येऊन थांबली तेव्हा. मी विचारलं, कुणी दिली? दादा म्हणाले, कारखान्याच्या मोठ्या साहेबांनी, कामावर खूश होऊन. पत्र्याचं काम करणाऱ्या कामगाराला मालकाने गाडी द्यावी, असं त्याचं काम होतं. यात चोरी कुठे बसते ते मला कुणी समजावून सांगावं.

दादांचा तो गाड्यांचा कारखाना बंद होऊन किती वर्षं झाली. पण त्याच्या वह्या, नोंदी, गाड्यांची कार्डं रद्दीत गेलेली नाहीत. मुंबईत एका दप्तरखान्यात लावून ठेवली आहेत. तिथे हर्षाली काम करते. माझी विद्यार्थिनी, सातवीत असताना वर्गात झोपायची ती. प्रत्येक गाडीची नोंद असते म्हणे: कोणता सांगाडा, कोणती बॉडी, कोणता रंग, कुणाला विकली. मी तिला लिहिते. कारखान्याची वही बोलली की आजीची आठवण गप्प बसेल.

तू फक्त एक कर. ऑफिसात मान वर ठेव. चोराची मान खाली असते हे लोकांना ठाऊक आहे, तुझी सवय त्यांना ठाऊक नाही.

आईला माझा नमस्कार. माझा धाक मानतोस तशी माझी मायाही मान.

तुझी,
ताई


धसई
८ मार्च २०२५

ती. ताईस,
सविनय जयभीम. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. सभेत बोलतेस तसंच लिहितेस, पाणी प्यायला थांबतच नाहीस. वाचून श्वेताच्या डोळ्यांत चमक आली. मी ते घडी करून खिशात ठेवलं.

ताई, दादांनी मला वेगळं सांगितलं होतं.

दहावीच्या वर्षी मी विचारलं होतं. निळी धूत होतो दोघं. दादा म्हणाले, गिरगावातल्या एका म्हाताऱ्या पारशीण बाईकडून विकत घेतली, नवरा वारला तिचा, तिला गाडी नको होती. मी पुढे काही विचारलं नाही. तुझी साहेबांची गोष्ट मी भाषणांत ऐकायचो तेव्हा वाटायचं, ताई व्यासपीठावर थोडं वाढवून सांगते. तुझ्यावर राग नव्हता. भाषणात चालतं असं.

आता दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून बघतोय. माणूस एकाच वस्तूच्या दोन गोष्टी कधी सांगतो? तिसरी सांगण्यासारखी नसते तेव्हाच ना? आपले दादा. कुणाच्या शेतातली काकडी न विचारता तोडली म्हणून मला आख्ख्या आळीसमोर परत न्यायला लावणारे. हे मला खोटं वाटतं आणि खरंही वाटतं, आणि दोन्ही एकदम वाटतं तेव्हा जेवण जात नाही.

म्हणून हात जोडून सांगतो, दप्तरखान्याला लिहू नकोस. आज त्यांच्याकडे एक कागद आहे. उद्या कारखान्याची वहीच म्हणाली की गाडी बारकूशेठची, तर आपण आपल्या हातांनी दादांच्या गळ्यात पाटी अडकवली असं होईल. वकिलाला भेटतो. ज्ञानेश्वराला भेटतो. हवी तर गाडी ने म्हणतो, तक्रार मागे घे. नोकरी राहील, नाव राहील.

आईचं सांगतो. ती बोलत नाही. सकाळी शेतात राब भाजायला माणसं जातात तेव्हा ती शेडमध्ये जाते, निळीचं मागचं दार उघडते आणि आत बसते. दुपारपर्यंत बसते. मी एकदा जवळ गेलो. म्हणाली, इचारू नको रे, जा.

जयंतीच्या कमिटीची मीटिंग झाली. कुणी वाईट बोललं नाही. फक्त ठरलं की यंदा तसबीर टेम्पोवर न्यायची. दरवर्षी आजच्या तारखेला निळीला नवा हात मारायला रंगाचा डबा आलेला असतो. यंदा कुणी आणला नाही. ऑफिसात हेडक्लार्क हसत म्हणाले, प्रशांतराव, आमची पण स्कूटर जरा सांभाळून बघा हं. सगळे हसले. मीही हसलो.

लिहू नकोस, ताई. तुझी माया आटू देऊ नकोस.

तुझा,
प्रशांत


खर्डी
१७ मार्च २०२५

चि. प्रशांतास,
आशीर्वाद व जयभीम.

तुझं पत्र येण्याआधीच मी हर्षालीला लिहिलं होतं. पत्र आधी आलं असतं तरी लिहिलं असतं, तेव्हा माफी मागत नाही. ज्ञानेश्वराकडे मात्र जाऊ नकोस. गाडी देऊन टाकलीस तर तीच तुझी कबुली.

काल मी स्वतः जाऊन आले. हर्षाली आता वर्गात झोपायची ती राहिलेली नाही. हातमोजे घालून पानं उलटते आणि मलाही घालायला लावले. विक्रीची वही तिने काढून ठेवली होती. तुला फसवणार नाही, जसं आहे तसं लिहिते. आपल्या पितळी पट्टीवरच्या नंबराची बॉडी १९६१ च्या जूनमध्ये कारखान्यातून बाहेर पडली. गिऱ्हाईक: बारकूशेठ, मुरबाड. नाव, गाव, नंबर, काही चुकलेलं नाही. ज्ञानेश्वर खरं बोलतोय.

मी खुर्चीवर बसून राहिले. हर्षालीने पाणी दिलं. आयुष्यभर मी लोकांना सांगत आले की सत्याला भिऊ नका, आणि त्या वहीकडे बघताना मला वाटलं, हे पान फाडलं तर कुणाला कळेल? वाटलं, प्रशांत. तुझ्या ताईला असं वाटलं. हात मांडीखाली दाबून बसले.

हर्षालीला मी दुसरी गोष्ट विचारली. आरसी बुकातला चॅसी नंबर दिला. तो शेठच्या गाडीचा नाहीच. शेठच्या गाडीचा सांगाडा वेगळ्या नंबराचा होता. म्हणजे आपल्या निळीचं वरचं अंग शेठच्या गाडीचं आणि खालचं दुसऱ्याच कुठल्या गाडीचं. मी विचारलं, हे कसं होतं? ती जरा चाचरत म्हणाली, बाई, चोरलेली गाडी लपवायची असली की असं करतात. मग घाईने म्हणाली, दुसरीही कारणं असतात. कारखान्यातून जे काही बाहेर जायचं, ते गेटच्या वहीत लिहिलं जायचं. पण गेटच्या वह्या पोत्यांत आहेत, वीस-पंचवीस वर्षांच्या, लावलेल्या नाहीत. साल आणि महिना कळला तर शोधता येईल. नाही कळला तर तिचा जन्म जाईल.

साल आणि महिना कुणाला ठाऊक असेल हे तुलाही कळतं आणि मलाही. पण मी आईला लिहिणार नाही. तिने इतकी वर्षं काही धरून ठेवलं असेल तर ते सोडणं तिच्या हातात आहे. माझ्या आवाजाने माणसं बोलती होतात असं मला वाटायचं. घरातल्या एकाच माणसाला मी कधी बोलतं केलं नाही.

१४ एप्रिलला शहापूरला माझं भाषण आहे. लिहिलेलं फाडलं. त्यात साहेबांनी गाडी दिल्याची गोष्ट होती.

तुला दटावणारी, पण तुझ्याइतकीच धास्तावलेली,
ताई


धसई
२२ मार्च २०२५

प्रिय आत्या,
जयभीम. हे पत्र आजीचं आहे. तुझं पत्र मी तिला वाचून दाखवलं. आज ती म्हणाली, कागद घे. ती सांगते तसंच लिहिते, काही सुधारायचं नाही असं तिने बजावलंय. बाबा ऑफिसला गेलेत, त्यांना माहीत नाही. तुझी श्वेता.

रत्ने, आईचा आशीर्वाद.

तू लय शिकली, लय बोलली. आता माजं ऐक. तुजा बा चोर नव्हता.

तुजा आजा गावातलं मेलेलं ढोर वढायचा. तुज्या बानेपन लहानपनी शेपूट धरलेली. छप्पन साली दीक्षा घेतली न त्या दिसापासून सोडलं. म्हनला, लोकांनी टाकलेलं आता या हातांनी उचलायचं नाय. मुंबयला गेला, कारखान्यात पत्रा ठोकायला लागला.

बारकूशेटची गाडी त्याच्याच हातची. एकदा सुट्टीवर आलेला, धसईच्या बाजारात ती उभी दिसली. आपलं काम, म्हनून त्याने पत्र्यावर हात ठेवला. शेटच्या डायवरने फडकं काढलं न हात ठेवल्याली जागा पुसली. तुजा बा मागं फिरला. घरी आला, जेवला नाय.

मंग सात वर्सांनी तीच गाडी कारखान्यात परत आली. शेट स्वताच चालवायला बसलेला म्हनं, येत नसताना, न माळशेजच्या घाटात उलटवली. खालचं सगळं मोडलं, वरचं चेपलं. शेट म्हनला नको मला. घरी काय सांगितलं असल ते त्याचं त्याला ठाव. कारखान्याने बॉडी भंगारात टाकली. तुज्या बाने अर्ज केला, ती मला द्या. सांगाडा दुसऱ्या गाडीचा, तोपन टाकलेलाच. मुंबयला एका दोस्ताच्या शेडात तीन वर्सं ऐतवारी ऐतवारी ठोकत बसला, मंग निळी उभी ऱ्हायली.

गेटावर त्याला चिठ्ठी भेटली ती घरी आनली. प्रशांत रांगत व्हता, दिवाळी होऊन गेल्याली, भात झोडनी चाललेली. आता तू हिशेब कर कोनचं साल. चिठ्ठी मला वाचून दाखवली. तिच्यावर भंगार लिवलेलं. तो शबूद वाचताना थांबला. म्हनला, गोजा, मेलेलं वढायचं सोडलं न मी परत मेलेलंच वढून आनलं. पोरांना हे कळता नये. न चिठ्ठी चुलीत घातली. मी समोर बसल्याली. मला शपथ घातली.

ती चिठ्ठी आज पायजे व्हती, तीच मी जळताना बघितली. सत्तावन्न वर्सं शपथ राखली न आज मोडली. पोलिसाचं मला भ्या नाय गो. भितीवर त्याचा फोटो हाय, तिकडं बघवत नाय.

प्रशांतला तू सांग. मला नाय सांगवत. जेवत जा टायमावर.

तुजी आई, गोजाबाई


खर्डी
३ एप्रिल २०२५

चि. प्रशांतास,
आशीर्वाद व जयभीम.

सोबत आईचं पत्र ठेवलं आहे. ते आधी वाच, मग हे.

वाचलंस? आता पुढे. दिवाळीनंतर, भात झोडणीच्या वेळी, तू रांगत होतास. म्हणजे १९६८ चा नोव्हेंबर नाहीतर डिसेंबर. हर्षालीने त्या दोन महिन्यांसाठी चार पोती उपसली. नऊ दिवस लागले. परवा तिचा निरोप आला आणि मी पुन्हा गेले.

२३ नोव्हेंबर १९६८. गेटची वही. बॉडी एक, नंबर आपल्या पितळी पट्टीवरचा. अपघातग्रस्त, मालकाने सोडली. सांगाडा एक, नंबर ८७३१४, आपल्या आरसी बुकातलाच. पुढे शेरा: भंगार, कामगारास दिले. त्याच्या पुढे बिल्ला क्रमांक आणि दादांची सही. रात्रशाळेत शिकलेली सही, 'पांडू'मधला ड पोटात अन्न भरल्यासारखा गोल. मी त्या सहीवर हातमोजा काढून बोट ठेवलं. हर्षालीने बघितलं आणि पान तसंच धरून ठेवलं. शिक्का मारलेली प्रत सोबत आहे.

माझं सांगते. चाळीस वर्षं मी लोकांना एका दयाळू साहेबाची गोष्ट सांगितली. साहेबाने दिली म्हटल्यावर टाळ्या पडायच्या. मोडलेल्या दोन गाड्यांमधून एका माणसाने तीन वर्षांच्या रविवारांत एक गाडी उभी केली, ही गोष्ट त्यापेक्षा किती मोठी होती, आणि ती त्याला स्वतःच्या मुलांना सांगायची लाज वाटली. ही लाज त्याची नव्हती, प्रशांत. ती त्याच्यावर लादली होती. फडक्याने लादली होती. आणि तिच्यापायी त्याने एकुलता एक पुरावा चुलीत घातला.

पण अजून सुटलो नाही आपण. हर्षालीने नीट बजावलं आहे: वही सांगते की दादांनी ८७३१४ चा सांगाडा नेला. निळीच्या खाली आज तोच आहे की नाही, हे वही सांगू शकत नाही. ते फक्त गाडी सांगेल. तीन वर्षांत दादांनी सांगाडा बदलला असेल तर ही प्रत फुकट आहे. तेव्हा स्टँडचा उजवा पाय कापायला लागेल, पोलिसांसमोर, पंचांसमोर. गॅसने कापायचा नाही, आकडे वितळतील. ग्राइंडरने नाही, आकडे घासले जातील. हाताच्या करवतीने कापायचा.

तसबिरीचा स्टँड कापला म्हणून कुणी दुखावलं तर माझं नाव सांग. ज्यांची तसबीर आहे ते स्वतः पुराव्यावाचून एक वाक्य बोलले नाहीत.

मी येत नाही. आले तर मीच बोलेन, आणि हे तुझं आहे.

पाठीशी उभी असलेली,
ताई


धसई
१० एप्रिल २०२५

ती. ताईस,
सविनय जयभीम. वि. वि.

घाईत लिहितोय, अक्षर लावून वाच.

आज सकाळी दहाला साहेब, दोन पंच, ज्ञानेश्वर आणि अर्धं गाव शेडमध्ये होतं. मी प्रत दिली. साहेबांनी वाचली आणि ज्ञानेश्वराकडे दिली. त्याने मोठ्याने वाचली. भंगार हा शब्द त्याने वाचला तेव्हा आई मागच्या सीटवर बसलेली होती. मी तिच्याकडे बघितलं नाही. मला धीर झाला नाही.

मग कोंडू वेल्डर आला. त्याने आधी स्टँडला हात जोडले आणि करवत लावली. ताई, दोन तास. मी त्या दोन तासांत काय काय केलं असेल. निलंबनाचा आदेश कसा असतो ते मला पाठ आहे, मीच टाइप करतो ना दुसऱ्यांचे. तो माझ्या नावाने टाइप करून पाहिला मनात. श्वेताचं लग्न मोडलेलं पाहिलं, जे अजून ठरलेलंही नाही. करवत एका जागी अडकली आणि कोंडू म्हणाला, आतला नंबर गेला असंल तर मला बोल लावू नका. मी शेडच्या मागे जाऊन थोडा वेळ लपून आलो. पालीला घाबरणारा तो हाच.

पाय सुटला. खाली लाल रंगाचा जाड थर. कोंडू म्हणाला, इथं बघा साहेब. दादांनी वेल्डचे टाके फक्त चार कोपऱ्यांना घातले होते. मधे एकही नाही. जिथे आकडे होते तिथे आधी लाल रंग चढवून मग पाय ठेवला होता. कोंडू म्हणाला, लपवणारा मानूस नंबर घासून टाकतो, ह्याने तर बाळासारका गुंडाळून ठेवलाय. साहेब खाली वाकले.

कोंडूने केरोसीनच्या बोळ्याने रंग काढायला घेतला. पहिला आकडा आला तो आठ. नंतर सात. मग तीन, आणि मधे गंजाचा एक डाग, ज्याच्याखाली काहीच दिसेना. मी डोळे मिटले. श्वेताने माझं मनगट धरलं आणि म्हणाली, एक. मग चार म्हणाली. साहेबांनी आरसी बुक, प्रत आणि गाडी अशी तिन्ही तीनदा पडताळली, मी ठाण्यात वाचलं होतं तसंच.

ज्ञानेश्वराने प्रत पुन्हा वाचली. मग त्याने आजीला फोन लावला, सगळं सांगितलं, माळशेजचंही. सकुबाई पलीकडून हसली म्हणे. म्हणाली, त्या आठवड्यात हे लंगडत घरी आले न बांधावरनं पडलो म्हनाले, मला तवाच वाटलेलं. ज्ञानेश्वराने तक्रार मागे घेतल्याचं तिथेच लिहून दिलं. जाताना निळीपाशी थांबला आणि बोनेटवर हात ठेवला. सहा आठवड्यांची धूळ होती, पंजा उमटला. तो गेल्यावर आई उतरून पुढे आली, त्या पंजाकडे बघत उभी राहिली. फडकं तिच्या हातातच होतं. तिने पुसलं नाही.

शेवटी साहेबांनी जबाब लिहायला घेतला. गाडी कशी मिळाली, इथे आल्यावर जरा नरमून म्हणाले, नुसतं कारखान्यातून मिळाली लिहू, तेवढं पुरे. मला ते बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. मग मी त्यांच्याकडून पेन मागून घेतलं आणि माझ्या हाताने लिहिलं: भंगारातून घेतली, माझ्या वडिलांनी स्वतः ठोकून उभी केली.

साखळी निघाली. स्टँड पुन्हा त्या नंबरावर बसवायचा नाही असं मी ठरवलं आहे. कमिटीवाले आले होते, टेम्पो नको म्हणाले, पण तसबीर ठेवायची कशावर? आई म्हणाली, माज्या मांडीवर. त्रेपन्न वर्षं ती निळीच्या मागून चालत आली, मिरवणुकीत आत कधी बसली नाही. यंदा बसणार आहे.

सगळे गेल्यावर तिने विचारलं, काय लिवलंस त्या कागदावर? मी वाचून दाखवलं. म्हणाली, परत वाच. परत वाचलं. ती ऐकत होती, दादांच्या फोटोकडे बघत. मग म्हणाली, तो पयला शबूद तू हळू वाचतोस. मोठ्यानं वाच.

वाचला, ताई. दारात उभा राहून वाचला.

तुझं भाषण नव्याने लिहिलंस का? तुझ्या पत्राची वाट बघतो.

तुझा,
प्रशांत